कॅप्टन असा का वागला आणि तुमची नायिका तशी का वागली

आपल्या पत्रात प्रश्न दोन आहेत. पहिला 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेविषयी आहे. तिच्यातला अंतराळयानाचा कॅप्टन पिकार्ड एका भागात एका लहान मुलीसाठी परक्या संस्कृतीत ढवळाढवळ न करण्याचा नियम बाजूला ठेवतो, आणि पुढच्या एका हंगामात त्याच नियमावर बोट ठेवून एका ग्रहावरची माणसे मरू द्यायला तयार होतो. याला खोल स्वभावचित्रण म्हणायचे की लेखकांचा निष्काळजीपणा, असे आपण विचारता. दुसरा प्रश्न आपल्या स्वतःच्या आठ भागांच्या संहितेचा आहे. 2071 सालच्या कोल्हापुरात पंचगंगेच्या खोऱ्यातली सगळी धरणे एकच स्वयंचलित यंत्रणा चालवते आणि तिला थांबवणारी एकुलती एक चावी आपल्या नायिकेकडे आहे. वाचणाऱ्या सगळ्यांनी 'पाचव्या भागात ती अशी वागणारच नाही' असा शेरा मारला, आणि तो आपल्याला पटलेलाही नाही, खोडताही आलेला नाही.

माझे पोट दैनंदिन मालिकांच्या पटकथांवर चालले. विज्ञानकथेच्या संहिता मी अलीकडच्या वर्षांत केवळ तपासून देतो. तरीही दोन्हीकडे हा आजार एकच असतो, असे माझे मत आहे. विज्ञानकथेत तो लवकर चिघळतो एवढेच, आणि त्याचे कारण पुढे येईल.

आधी कॅप्टनचे पाहू. 1989 च्या त्या भागात यंत्रमानव असलेला अधिकारी डेटा एका मुलीच्या रेडिओ संदेशाला कित्येक आठवडे गुपचूप उत्तर देत असतो आणि तिचा ग्रह भूगर्भातल्या उलथापालथीने फुटण्याच्या बेतात असतो. वरिष्ठ अधिकारी कॅप्टनच्या खोलीत जमून वाद घालतात. कॅप्टन संपर्क तोडण्याची आज्ञा देतो, आणि नेमक्या त्या क्षणी मुलीचा घाबरलेला आवाज खोलीत ऐकू येतो. तो ऐकून कॅप्टनचा निर्णय फिरतो. माणसाने नियम मोडल्याचे दृश्य कसे लिहावे, याचा हा वस्तुपाठ मी कार्यशाळेत नेहमी दाखवतो. आधीचा निर्णय आपल्यासमोर होतो, तो बदलणारी गोष्ट आपल्यासमोर घडते, आणि किंमतही आपल्यासमोर मोजली जाते, कारण शेवटी त्या मुलीची स्मृती पुसावी लागते. 1994 च्या भागात दुसऱ्या एका ग्रहाचे वातावरणच नाहीसे होत असते. कॅप्टन आणि त्याचे सहकारी ते पडद्यावर पाहत उभे राहतात. एक गाव वाचते, पण ते वॉर्फ या अधिकाऱ्याच्या मानलेल्या भावाने परस्पर, कॅप्टनला न सांगता वाचवलेले असते.

आता माझे मत सांगतो. कॅप्टनचा 1994 चा निर्णय त्याच्या स्वभावाविरुद्ध मुळीच नाही. तो नियमाचा माणूस आहे आणि पहिल्या वेळीही त्याचा मूळ कल हाच होता. खटकते ते वेगळेच. ज्याने त्या मुलीशी गुपचूप संधान बांधले होते तो डेटा याच यानावर आहे, आणि तरीही त्या मुलीचा विषय निघत नाही. 'त्या वेळी आपण वेगळे वागलो होतो' एवढे एकच वाक्य डेटाच्या तोंडी असते आणि कॅप्टनने त्याचे उत्तर द्यायचे टाळले असते, तर हीच विसंगती त्या माणसाची जखम म्हणून आपण वर्षानुवर्षे लक्षात ठेवली असती. ते वाक्य नसल्यामुळे विस्मरण कॅप्टनला झाले नसून लेखकांना झाले, असे प्रेक्षकाला वाटते.

आणि लेखकांना विस्मरण होण्याची कारणे साधी, धंद्याची असतात. ही मालिका सात हंगाम चालली आणि तिचे पावणेदोनशेच्या वर भाग झाले. तिसऱ्या हंगामापासून तर बाहेरच्या, अगदी नवख्या लेखकांनी पाठवलेल्या संहिताही तिथे वाचल्या जात आणि घेतल्याही जात. इतक्या हातांतून गेलेला माणूस एकसारखा राहिला तरच नवल. आपल्याकडे हात कमी असतात, पण कामाची वाटणी अधिक चमत्कारिक असते. मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन निरनिराळी नावे आपण रोज वाचतो. म्हणजे पात्राने काय करायचे हे एक जण ठरवतो, कोणत्या क्रमाने करायचे हे दुसरा, आणि ते करताना ते काय बोलेल हे तिसरा. या तिघांची महिनाभरात एकदाही समोरासमोर गाठ पडली नाही, तर पात्राचे हात एका स्वभावाचे आणि जीभ दुसऱ्या स्वभावाची होते.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका दैनंदिन मालिकेत मी एक आत्या लिहिली होती. ती कधीही खोटे बोलत नसे आणि पहिल्या शंभर भागांत तिच्या या खरेपणामुळे घरात तीन वेळा भांडणे लागली होती. पुढे लग्नाचा ट्रॅक आला, चॅनेलकडून 'या आठवड्यात लग्न मोडता कामा नये' असा निरोप आला, आणि मी घाईघाईने आत्याच्या तोंडी एक साळसूद खोटे वाक्य घातले. चित्रीकरण मोरेवाडीच्या चित्रनगरीत होते. आत्याचे काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीने कागद खाली ठेवला आणि मला फोन करून म्हणाल्या, "अहो, ही बाई हे बोलणार नाही. मी बोलेन, पण लोक मला विचारतील." लग्न तर मोडायचे नव्हते. शेवटी दहा मिनिटांत आम्ही असे केले, की मुलाकडच्यांनी प्रश्न विचारल्यावर आत्या काहीच बोलत नाही, उठते आणि देवघरात जाऊन बसते. तिच्या न बोलण्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. लग्न टिकले, खोटेही बोलले गेले नाही, आणि पुढचे दोन महिने 'मी गप्प बसले तेही खोटेच होते का' हा आत्याचा सल मला कथेसाठी फुकटात मिळाला.

हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की घटना बदलायची गरज बहुतेक वेळा नसतेच. कथेला त्या भागात काय घडायला हवे आहे ते घडू द्यावे, पण ते या माणसाच्या हातून कोणत्या रीतीने घडेल, हे त्या माणसाला विचारावे. पात्र स्वभावाबाहेर गेले असे वाटते तेव्हा मी संहितेच्या समासात एकच प्रश्न लिहितो : हा निर्णय पात्राने घेतला की भागाने? या आठवड्यात लग्न टिकायला हवे, यान पुढच्या ग्रहावर पोहोचायला हवे, जाहिरातीच्या आधी कोणीतरी दार उघडायला हवे, या सगळ्या भागाच्या गरजा आहेत. जवळ उभे असलेले पात्र त्या कामाला जुंपले जाते आणि प्रेक्षक मात्र त्या पात्राला दोष देतो.

काही विसंगती अशा असतात, की त्यांत कोणाचाही स्वभाव बिघडलेला नसतो, कागदपत्रे बिघडलेली असतात. 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेतला स्पॉक भावना दाखवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिल्या चाचणीभागात तोच स्पॉक एका थरथरणाऱ्या निळ्या पानाला हात लावून चक्क हसतो. त्या भागात थंड डोक्याची, तर्कनिष्ठ अधिकारी ही एक स्त्री होती. वाहिनीने तो भाग नाकारला, दुसरा करवून घेतला, त्यात ती स्त्री गेली आणि तिचा थंडपणा स्पॉकच्या वाट्याला आला. पुढे 1966 मध्ये त्याच जुन्या चित्रीकरणाचे तुकडे एका दोन भागांच्या कथेत, तेरा वर्षांपूर्वीच्या घटना म्हणून वापरले गेले, आणि हसरा स्पॉक अधिकृतपणे मालिकेच्या इतिहासात जाऊन बसला. तरुणपणी तो तसा असेल, असे प्रेक्षकांनी समजून घेतले. प्रेक्षक इतका उदार असतो, फक्त त्याला उदार होण्यासाठी कुठेतरी जागा लागते. 2002 च्या 'फायरफ्लाय' या विज्ञानकथा मालिकेची गोष्ट आणखी सरळ आहे. पात्रांची ओळख करून देणारा तिचा पहिला भाग वाहिनीने डिसेंबरमध्ये, दाखवलेल्या भागांच्या अगदी शेवटी दाखवला. तोपर्यंत प्रेक्षक त्या माणसांच्या वागण्याची कारणे शोधतच होते. तेव्हा एखादे पात्र विसंगत वागले म्हणण्यापूर्वी आपण भाग कोणत्या क्रमाने पाहिले, हे एकदा तपासून घ्यावे.

बोलण्याच्या सवयींचे प्रकरण याहून नाजूक आहे. वर ज्याचा उल्लेख केला त्या डेटाला इंग्रजीतली संक्षिप्त रूपे वापरता येत नाहीत, म्हणजे तो 'डोन्ट' म्हणणार नाही, 'डू नॉट' म्हणेल, असे 1988 च्या एका भागात ठरवले गेले, आणि त्याच्या दुष्ट जुळ्या भावाला ओळखण्याची खूण म्हणून ते वापरले गेले. त्याआधीच्या भागांत डेटाने अशी रूपे वापरलेली होतीच. पण खरी गंमत अशी, की त्याच भागाच्या शेवटी कॅप्टन विचारपूस करतो आणि खरा डेटा 'आय ॲम' न म्हणता 'आय'म फाइन' असे उत्तर देतो. चाहते आजही त्यावर बोट ठेवतात. कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याने तर याविषयी फारच सावध असावे. आपल्या दुसऱ्या भागात धरणावरचा पहारेकरी "काय करालाय साहेब हितं?" असे विचारतो आणि चौथ्या भागात तोच "आपण इथे काय करीत आहात?" असे विचारतो. वरिष्ठांसमोर तो मुद्दाम पुस्तकी बोलत असेल, तर ते आपण दाखवायला हवे होते. आत्ता तरी तो पहारेकरी बदलल्यासारखा वाटतो.

आता विज्ञानकथेत हा आजार लवकर का चिघळतो त्याकडे येतो, कारण आपल्या संहितेची निम्मी अडचण तिथे आहे. कौटुंबिक मालिकेत जगाचे नियम प्रेक्षकाला आधीपासून माहीत असतात. रात्री बारा वाजता एस.टी. मिळत नाही, म्हणून सून माहेरी जाऊ शकत नाही, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. विज्ञानकथेत हे नियम लेखक घडवतो, आणि नियम सैल झाला की पात्र मूर्ख दिसते. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणारे यंत्र आले, ते दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवण्याची दृश्ये खर्चिक होती म्हणून. ते आल्यावर मात्र संकटात सापडलेला प्रत्येक माणूस सहज परत येऊ शकतो, ही नवी पंचाईत झाली, आणि म्हणून वादळ, खनिज, बिघाड असे काहीतरी उभे करून ते यंत्र वारंवार निकामी करावे लागले. ज्या भागात लेखक ते निकामी करायला विसरतो, त्या भागात यानावरचे हुशार अधिकारी अचानक बावळट होतात. त्यांची बुद्धी कमी झालेली नसते, लेखकाची नोंदवही हरवलेली असते.

आपल्या तिसऱ्या भागात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 44 फुटांवर आहे आणि नियंत्रण कक्षातले सगळे चहा पीत गप्पा मारत आहेत. चौथ्या भागात पाणी 40 फूट आहे आणि तीच माणसे धावपळ करत आहेत. मुंबईचा प्रेक्षक हे सोडून देईल. पण आपल्या गावात पावसाळ्यात लहान मुलालाही विचारले तरी ते सांगेल, की 39 ही इशारा पातळी आणि 43 ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते, ते या शहराच्या अंगावर उठलेले आहे. 2071 मध्ये नदीचे पात्र खोल केले असेल, नव्या भिंती झाल्या असतील, पातळ्या बदलल्या असतील, तर तसे पहिल्याच भागात भिंतीवरच्या फलकावर एकदा लिहून दाखवा आणि मग आठही भाग तो फलक पाळा. आकडा दुरुस्त केलात, की तिसऱ्या-चौथ्या भागातल्या त्या माणसांच्या 'विसंगत' वागण्याबद्दल दुसरे काहीही करावे लागणार नाही.

राहता राहिली आपली नायिका, आणि ती मला मनापासून आवडली. दुसऱ्या भागात तिच्या सख्ख्या काकांचे प्रयाग चिखलीतले घर पाण्याखाली जाणार आहे, चावी तिच्या हातात आहे, आणि तरीही ती यंत्रणेला हात लावत नाही. पाचव्या भागात शिरोळकडच्या एका अनोळखी मुलाला बोटीपर्यंत पोहोचता यावे म्हणून ती 40 मिनिटे दरवाजे रोखून धरते. आपल्या वाचकांना हे विसंगत वाटले. मला तसे वाटत नाही. आपल्या माणसासाठी नियम मोडायचा नाही, असे ज्याने स्वतःला शिकवले आहे, असा माणूस परक्यासाठी तो मोडू शकतो. किंबहुना काकांना 'नाही' म्हटल्याचे ओझेच तिला पाचव्या भागात तिथवर घेऊन येते, अशी माझी समजूत आहे, आणि बहुधा आपल्याही मनात तेच होते. पण मनातले कागदावर आलेले नाही. पाचव्या भागातले ते दृश्य आपण तिने चावी फिरवल्यानंतर सुरू केले आहे. ती का थांबली, किती वेळ थांबली, हात कुठे होता, हे काहीच आपण पाहत नाही. दुसऱ्या भागात मात्र तिच्या नकाराला आपण तब्बल साडेचार पाने दिली आहेत. नकार इतका सावकाश आणि होकार इतका झटपट असेल, तर वाचक गोंधळणारच. पाचव्या भागातले शेवटचे पाठलागाचे दृश्य अर्धे करा आणि ती पाने चावीपाशी द्या.

त्या दृश्यात तिने मनातले विचार बोलून दाखवू नयेत, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, कोणाला विचारत नाहीत, आणि दर पावसाळ्यात 'किती दरवाजे उघडले' एवढेच माणसे एकमेकांना विचारतात. आपल्या कथेची बीजकल्पना तिथूनच आली असावी. दरवाजा कधीही स्वभावाबाहेर जात नाही, कारण त्याला स्वभावच नाही. आपल्या नायिकेने दरवाजासारखे वागायचे ठरवले होते आणि ते तिला जमले नाही, हे कॅमेऱ्याला नुसते तिच्या हाताकडे पाहूनही सांगता येईल.

याहून महत्त्वाचे काम सहाव्या भागात आहे. त्यात काका येतात, जेवतात, पुराच्या गप्पा मारतात आणि जातात. ज्याचे घर बुडाले आणि ज्याच्या पुतणीने पुढे परक्या पोरासाठी दरवाजे रोखले, तो माणूस गप्पा मारून जाईल का? 1994 च्या भागात त्या मुलीचा विषय निघाला नाही, तसेच हे झाले. काकांना एकच वाक्य द्या. ताट पुढे सारून, आवाज न चढवता त्यांनी विचारावे, "आमच्या वेळंला नियम हुता, आणि आता न्हाई व्हय गं?" आणि नायिकेकडे याला उत्तर नसावे. उत्तर लिहिण्याचा मोह आपल्याला होईल, कारण संवाद आपण छान लिहिता. तरी लिहू नका. ते वाक्य उच्चारले गेले, की पाचव्या भागातले तिचे वागणे लेखिकेची चूक राहत नाही, त्या घरातली भळभळती गोष्ट होते, आणि सातव्या भागात ती चौकशी समितीपुढे उभी राहते तेव्हा तिला समितीपेक्षा काकांची भीती अधिक वाटायला लागते.

कामाची एक सवय सुचवतो. प्रत्येक मुख्य पात्रासाठी वहीचे एक पान राखा. त्यावर 'स्वाभिमानी', 'हळवी' असली विशेषणे लिहू नका, त्यांचा लिहिताना काही उपयोग होत नाही. त्याऐवजी त्या पात्राने कोणत्या भागात कोणाला 'नाही' म्हटले, कोणते वचन दिले, काय लपवले आणि ते लपवल्याचे कोणाला ठाऊक आहे, एवढेच भाग क्रमांकासह टिपत जा. आठ भागांना आठ ओळी होतील. नवा भाग लिहायला बसताना ते पान वाचले, की मागचे कोणाला आठवायला हवे ते आपसूक दिसते. दैनंदिन मालिकेत पाचशेव्या भागाला ही वही सांभाळणे कठीण जाते, आणि आम्ही ती अनेकदा सांभाळलेलीही नाही. आठ भागांत मात्र न सांभाळण्याला सबब नाही.

आपल्या मदतनीस यंत्राविषयी एक गोष्ट राहिली. पहिल्या भागात ते म्हणते, की पाण्याचा अंदाज मला करता येतो, माणसांचा नाही. सहाव्या भागात ते नायिका उद्या राजीनामा देणार असल्याचे अचूक भाकीत करते. मधल्या भागांत ते माणसांविषयी काही शिकले, असे दाखवणारे एकही दृश्य नाही. आपल्याला ते भाकीत अशासाठी हवे आहे, की वरिष्ठांना राजीनाम्याची कुणकुण आधी लागावी. ते काम दुसऱ्या भागातला पहारेकरी अधिक चांगले करील. तो रात्रभर तिच्या खोलीचा दिवा जळताना पाहतो, सकाळी तिची सायकल ओसरीतून नाहीशी झालेली पाहतो, आणि साहेबांना सांगतो. यंत्राला पाण्याचेच बोलू द्या.

सुधारलेला पाचवा आणि सहावा भाग एकत्र पाठवा. सातवा मी त्यानंतरच वाचेन.